शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा चेहरा

*नमस्कार ताई,*

*मी चिपळूणला राहते, बँकेत नोकरी करते, वय 34. गेली दहा वर्षं हौशी नाटकांत काम करतेय. यंदा राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक रत्नागिरी केंद्रावर आहे आणि मला आईची भूमिका मिळालीय. पहिल्या अंकात ती 38 वर्षांची, भातशेती करणारी. दुसऱ्या अंकात 65 वर्षांची, विधवा. मध्ये दहा मिनिटांचं मध्यंतर.*

*माझा रंग सावळा आहे. गेल्या वर्षी मी मासे विकणाऱ्या बाईचं काम केलं, तेव्हा मेकअप करणाऱ्या दादांनी मला इतकं गोरं केलं की फोटोत चेहरा पांढरा आणि हात काळे दिसत होते. माझ्या मुलाने विचारलं, "आई, तू त्यात कोण होतीस?" दुसऱ्या अंकात घामाने सगळं ओघळलं आणि पुढे पंधरा दिवस गालांवर पुरळ होतं. यंदा मला स्वतः शिकायचंय. काय घेऊ, कसं लावू? आणि दादांना न दुखवता कसं सांगू? ते आमच्या संस्थेतले सगळ्यात जुने, वडीलधारे आहेत.*

*– एक हौशी कलाकार, चिपळूण*

नमस्कार,

तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून मी थांबले. पोटच्या पोराला आपली आई ओळखू आली नाही, तर अनोळखी प्रेक्षकाला ती मासेवाली कशी ओळखू यावी? भर उन्हात टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई रंगमंचावर येते आणि तिचा चेहरा गुलाबी, मान सावळी, हात त्याहून सावळे. संवाद तुम्ही कितीही खरा बोललात तरी चेहरा खोटं बोलत राहतो.

म्हणून सामानाच्या यादीआधी एक गोष्ट मनात पक्की करा. समोरून आणि वरून पडणारा झगझगीत उजेड चेहऱ्याचे उंचसखल भाग सपाट करून टाकतो. पंधराव्या रांगेतून डोळे आणि ओठ बारीक होत जातात. उजेड आणि अंतर चेहऱ्यातून जे काढून घेतात, ते परत ठेवणं हे रंगभूषेचं पहिलं काम. पात्राचं वय, कष्ट, आजार हे दुसरं. गोरं करणं हे तिचं काम कधीच नव्हतं.

ही सवय आली कुठून, याचा मी पुष्कळ विचार केलाय. 1873 साली लुडविग लाइखनर नावाच्या ऑपेरा गायकाने बर्लिनमध्ये तेलकट रंगकांड्यांचा कारखाना काढला. त्या कांड्यांना नंबर असत. इंग्लंडमधले नट पिढ्यान्‌पिढ्या 'पाच आणि नऊ' मिसळून लावत: पाच नंबर हस्तिदंती, नऊ नंबर विटकरी. त्यांच्या कातडीला ते बरोबरच होतं. आपल्याकडे गुलाबी बेसची, म्हणजे चेहऱ्यावर सगळ्यात आधी लावायच्या रंगाची, जी सवय लागली तिचं मूळ मला तिथे दिसतं, आणि त्यात गोऱ्या रंगाचा आपला हव्यास येऊन मिसळला. आज बाजारात आपल्या कातडीचे हवे तेवढे रंग मिळतात, तरी हात आपोआप गुलाबी डबीकडे जातो. तुमचे दादाही याच सवयीत वाढलेले असणार. त्यात त्यांचा वाईट हेतू नाही, हे लक्षात ठेवा; शेवटी ते कामाला येईल.

आता बेस. तुम्हाला क्रीमची कांडी लागेल, जिला सगळे पेंट स्टिक म्हणतात. पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायची रंगाची वडी, स्वस्त पडतो, पण कोकणातल्या दमट हवेत घाम आला की त्याचे ओघळ उतरतात. गेल्या वर्षी तुमचं तेच झालं असावं. क्रीम बेस आणि त्यावर नीट दाबलेली पावडर याला घाम सहज फोडत नाही. रंग मात्र ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. दुकानात जा आणि जबड्याच्या कडेपासून मानेपर्यंत तीन कांड्यांचे तीन पट्टे ओढा. मग आरसा घेऊन दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात या. जो पट्टा कातडीत नाहीसा होतो तो तुमचा. माप गालाचं धरू नका, मानेचं धरा. गालाचा रंग उन्हाने आणि क्रीमने बदललेला असतो. रंगमंचासाठी त्यापेक्षा किंचित गडद कांडी घ्या, कारण दिव्यांखाली रंग उडतो. सावळ्या कातडीला पिवळसर किंवा ऑलिव्हकडे झुकणारा बेस हवा. गुलाबी झाकेचा बेस सावळ्या कातडीवर राखाडी दिसतो, आजारी माणसासारखा. वरून साधी पांढरी टाल्कम लावली की ती राख आणखी वाढते. पावडरही तुमच्या रंगाकडे जाणारी, पिवळसर घ्या.

या कांडीशिवाय दोन रंग लागतील. एक बेसपेक्षा दोन छटा उजळ, पिवळसरच. दुसरा गडद तपकिरी, त्यात थोडी लालसर झाक. एवढ्यात तुमची आई 38 ची होईल आणि 65 चीही. बाकी दोन-तीन स्पंज, एक मोठा पफ, दोन बारीक ब्रश, एक रुंद मऊ ब्रश, तपकिरी पेन्सिल, काजळ. काजळ आणि लिपस्टिक स्वतःचीच वापरा, कोणी कितीही मागितली तरी देऊ नका. एका काजळाच्या डबीने अख्ख्या कंपनीचे डोळे आलेले मी पाहिलेत, तेही सलग तीन प्रयोगांच्या आठवड्यात.

लावण्याआधी तोंड धुवा आणि स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दोन-तीन मिनिटं कपाळ, नाक, वरच्या ओठावर फिरवा. हलकं मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं जिरू द्या. तेवढ्यात साडी नेसून घ्या, म्हणजे ती नंतर तोंडावरून जाणार नाही. मग हरभऱ्याएवढा बेस तळहातावर घ्या, पिळून काढलेल्या ओल्या स्पंजवर उचला आणि टिपत जा. ओढायचा नाही, थापायचा तर नाहीच. तुमची कातडी खालून थोडी दिसत राहिली पाहिजे. कानाच्या पाळ्या, मान, पदराबाहेर दिसणारा गळा, सगळीकडे तोच हात फिरवा. पावडर पफने दाबून बसवा, दोन मिनिटं थांबा, जास्तीची मऊ ब्रशने झाडा, वर पाण्याचा हलका फवारा मारा. नंतर कितीही घाम आला तरी पुसायचं नाही. विंगेत टिश्यू पेपर ठेवा आणि दाबून टिपा.

पहिल्या अंकात याहून फार काही करू नका. भुवया थोड्या भरा, डोळ्याची वरची कड पेन्सिलने ठळक करा म्हणजे नजर मागच्या रांगेला कळेल. ओठांना विटकरी-तपकिरी रंग. गालांना लाली नको. हवी तर नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या उंचवट्यावर तपकिरी रंगाची अगदी पुसट झाक द्या. उन्हाने रापलेला चेहरा तिथेच आधी रापतो. हा थर पातळ ठेवला तरच मध्यंतरात त्यावर म्हातारपण बसेल.

कुंकवाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते. जुन्या बायका आधी मेण लावून त्यावर पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड, दाबायच्या. ते घामातही हलत नाही आणि उजेडात सुरेख दिसतं. एरवी मी तेच सुचवलं असतं. पण तुम्हाला दहा मिनिटांत ते काढायचंय आणि मेण काढताना कपाळाचा बेस खराब होतो. म्हणून मोठी मरून टिकली लावा, बेस आणि पावडर झाल्यावर. मध्यंतरात ती ओढून काढलीत की तिच्याबरोबर थोडा बेस उचलला जाईल आणि कपाळावर एक गोल खूण उरेल. ती बुजवू नका. मागे ती कोणाला दिसणार नाही, पण पहिल्या चार-पाच रांगांना दिसेल. आणि तुम्हाला ती तिथे आहे हे दुसरा अंकभर माहीत असेल.

म्हातारपणाची रंगभूषा सगळ्यात जास्त बिघडते आणि बिघडते ती काळ्या पेन्सिलीने. कपाळावर तीन आडव्या रेघा, डोळ्यांच्या कडेला तीन-तीन, गालांवर दोन कंस. लांबून ते मांजराच्या मिश्यांसारखं दिसतं. सुरकुती म्हणजे रेघ नव्हे, घडी. घडीला एक खोल बाजू असते आणि एक उजेड झेलणारी उंच बाजू. आज रात्री घरी आरशासमोर बसा. खोलीतला दिवा बंद करून एका बाजूने टॉर्च धरा आणि कपाळाला आठ्या घाला, मग हसा, मग डोळे बारीक करा. तुमच्या चेहऱ्यावर घड्या कुठे पडू पाहतायत ते तुमचा चेहराच दाखवेल. वय तिथेच आणायचं. दुसऱ्याच्या सुरकुत्या आपल्या चेहऱ्यावर कधी बसत नाहीत.

नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी घेऊन सराव करा. बारीक ब्रशने तपकिरी रंग अगदी घडीच्या तळाशी ओढा. गालाकडची कड तशीच ठळक ठेवा आणि ओठाकडची कड बोटाने विरवत न्या. मग गालाच्या बाजूला, त्या ठळक कडेला लागूनच, उजळ रंगाची बारीक रेघ द्या आणि तीही गालाकडे विरवा. बस. दोन पावलं मागे जाऊन बघा, गाल खाली लोंबलेला दिसेल. हेच तंत्र डोळ्याखालच्या पिशवीला, कपाळाला, मानेच्या शिरांना. कानशिलांत, गालफडात आणि गळ्याच्या खळगीत तपकिरी रंग बोटाने नुसता चोपडून विरवा, तिथे रेघ नकोच. उंच हाडांवर, म्हणजे भुवईच्या वर, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर उजळ रंग. ओठांवर बेस टिपून त्यांचा रंग मारा आणि दोन्ही कोपऱ्यांतून तपकिरीची एक बारीक ओढ खाली न्या. भुवया उलट्या दिशेने विंचरा आणि त्यांवर उजळ रंगाचा ब्रश नुसता टेकवा.

केस पांढरे करण्याबद्दल माझा एक अनुभव आहे, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी नवीन होते. आईचं काम करणाऱ्या बाईंच्या केसांना मी भरपूर टाल्कम पावडर चोळली होती. शेवटच्या प्रवेशात वर्षांनी परतलेला मुलगा आईच्या डोक्यावरून हात फिरवतो. त्याने हात ठेवला आणि मागच्या दिव्याच्या झोतात पावडरचा एवढा मोठा ढग उठला. बाई उत्तम काम करत होत्या, डोळ्यांत खरं पाणी होतं, आणि प्रेक्षागृह हसलं. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या पेटीत टाल्कम नाही. तुम्ही पाण्यात विरघळणारा रंग घ्या, पांढराशुभ्र न घेता हस्तिदंती, कारण शुभ्र पांढरा दिव्यांखाली निळसर दिसतो. जुन्या टूथब्रशवर थोडा रंग घेऊन कानशिलांपासून आणि भांगापासून मागे विंचरा. सगळं डोकं पांढरं करायची गरज नाही. पुढचे दोन-तीन इंच पांढरे आणि मागे अंबाडा, एवढ्याने 65 होतं.

आणि हात. हौशी नाटकात हात कायम विसरले जातात. तुम्ही बँकेत काम करता, तुमची नखं नीट असतील, नेलपॉलिशही असेल. ते काढा. दुसऱ्या अंकात मनगटापासून बोटांपर्यंत तपकिरी रंग हाडांच्या मधल्या खळग्यांत भरा, शिरांवर आणि पेरांवर उजळ रंगाचा पुसट हात द्या. रोज चिखलात वावरलेल्या बाईच्या नखांच्या कडा स्वच्छ नसतात, तिथे तपकिरी पेन्सिल फिरवा. आई ताट वाढेल, पत्र उघडेल, डोळे पुसेल, त्या प्रत्येक वेळी प्रेक्षक चेहऱ्याआधी हात बघणार आहेत.

हे सगळं दहा मिनिटांत होतं का? होतं, पण तालमीत घड्याळ लावून पाच-सहा वेळा केलेलं असेल तर. माझा क्रम असा: घाम टिपणं, टिकली, सावल्या, उजळ जागा, पावडर, ओठ, केस, शेवटी हात. हात शेवटी, नाहीतर त्यांनी सगळी साडी रंगते. साडी बदलायची असेल तर ती सगळ्यात आधी आणि मदतीला एक बाई हवीच.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी आजच बोला. दुसऱ्या अंकात रात्रीचा प्रवेश असेल आणि त्याने निळा प्रकाश धरला असेल, तर लाल ओठ काळे दिसतील आणि गालांवरची लाली खड्डे पडल्यासारखी दिसेल. लाल प्रकाशात उलट, ओठ चेहऱ्यात विरघळून जातात. हिरवा तर सगळीच लाली करडी करतो. म्हणूनच मी तुम्हाला लालऐवजी तपकिरीकडे नेतेय, तपकिरी बहुतेक रंगांत टिकतो. आणखी एक, रंगपटात, म्हणजे आपण तयार होतो त्या खोलीत, बहुधा ट्यूबलाइट असते, 6500 केल्विनचा थंड पांढरा उजेड (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). रंगमंचावरचा हॅलोजन 3200 च्या आसपास, पिवळा. ट्यूबखाली नीट दिसणारा चेहरा हॅलोजनखाली वेगळा दिसतो. आरशाजवळ एक पिवळा बल्ब लावून घ्या. हल्ली बऱ्याच ठिकाणी एलईडी आलेत, त्यांच्याखाली आणखी वेगळं दिसतं. म्हणून रंगीत तालमीत पूर्ण रंगभूषा करा, उभ्या राहा, आणि कोणालातरी आधी पाचव्या, मग शेवटच्या रांगेत पाठवा. मोबाइलच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, तो कॅमेरा उजेड आपल्या मनाने कमीजास्त करतो. मुलाला घेऊन जा. त्याला शेवटच्या रांगेत बसवा आणि विचारा.

पुरळाचं हलकं घेऊ नका. कशाने झालं हे इथे बसून मी सांगू शकत नाही, पण जुना, मुदत संपलेला बेस, सगळ्यांत फिरलेला स्पंज आणि साबणाने खरवडून काढलेला मेकअप, ही नेहमीची तीन कारणं. नवीन कांडी आली की कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट बघा. खाज किंवा लाली आली तर ती वापरू नका आणि पुरळ पुन्हा उठलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोणी पोस्टर कलर, गुलाल किंवा रांगोळीचा रंग लावायला सांगितला तर सरळ नाही म्हणा. आपल्या जुन्या नटांकडे तोंडाला लावायला हिंगूळ आणि मुरदाडशिंग असायचं. एकात पारा, दुसऱ्यात शिसं. त्यांच्याकडे पर्याय नव्हता. प्रयोगानंतर खोबरेल तेल किंवा कोल्ड क्रीम लावून मेकअप सैल करा, कापसाने टिपून काढा, मग सौम्य फेसवॉश. रत्नागिरीहून चिपळूणपर्यंतचा प्रवास रंगलेल्या तोंडाने करायचा नाही, कितीही उशीर झाला तरी.

राहता राहिले दादा. तुमच्या खालच्याच सिंधुदुर्गात दशावतारातला नट आपला चेहरा आपण रंगवतो. स्वतःचा चेहरा ओळखणं हा नटाचा अधिकार आहे, तेव्हा शिकायची इच्छा आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण प्रयोगाच्या दिवशी, दुसऱ्या घंटेच्या वेळी, सगळ्यांसमोर त्यांना "असं नको" म्हणू नका. पंधरा दिवस आधी त्यांच्या घरी जा. गेल्या वर्षीचा फोटो नेऊ नका, त्यांना तो आरोप वाटेल. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या शेतकरी आजीचा फोटो त्यांची परवानगी घेऊन काढा, चेहऱ्याचा आणि हातांचा, आणि तो दाखवा. म्हणा, "दादा, मला या आजींसारखं दिसायचंय. माझ्या मानेचा रंग धरून बेस लावू या का? आणि सावल्या कशा विरवायच्या ते मला शिकवाल? मध्यंतरात तुमच्याकडे सात-आठ जण असतील, माझं मी केलं तर तुमचा वेळ वाचेल." नवीन कांडी सोबत न्या आणि त्यांच्याच हाताने तुमच्या जबड्यावर पट्टा ओढून घ्या. ते आधी म्हणतील की लाइटमध्ये काळी दिसशील. तेव्हा वाद घालू नका. रंगीत तालमीत अर्ध्या चेहऱ्याला त्यांचा बेस, अर्ध्याला हा, असं लावून दिव्याखाली उभ्या राहा आणि दादांना शेवटच्या रांगेत जाऊन बघायला सांगा.